तेओफील ओमोल

तेओफील ओमोल (जन्म : पॅरिस, १९ डिसेंबर १८४८, मृत्यू : १३ जून १९२५) हे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ, ग्रीक शिलालेखांचे अभ्यासक आणि संग्रहालय-प्रशासक होते. ग्रीसमधील देलोस बेटावरील अपोलोच्या पवित्र क्षेत्राचे उत्खनन आणि १८९२ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली झालेले डेल्फी येथील उत्खनन ही त्यांची सर्वांत महत्त्वाची कामे होत. ते अथेन्समधील फ्रेंच अध्ययनसंस्थेचे संचालक (१८९१–१९०३), पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे संचालक (१९०४–१९११) आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रशासक (१९१३–१९२३) होते. १९११ साली लूव्रमधून ‘मोना लिसा’ हे चित्र चोरीस गेले, तेव्हा त्यांना पदावरून दूर करण्यात आले. सामान्य वाचकांत त्यांचे नाव बहुधा याच घटनेमुळे आढळते. पुरातत्त्वाच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान डेल्फीशी जोडलेले आहे. उभ्या कड्याच्या पायथ्याशी वसलेले, दरडींनी वारंवार उद्ध्वस्त केलेले आणि दरडींच्याच ढिगाऱ्याखाली काही अंशी सुरक्षित राहिलेले हे प्राचीन स्थळ त्यांनी उजेडात आणले. अशा उतारावरील स्मारकांना असलेल्या धोक्याचा विचार करताना डेल्फीचे उदाहरण आजही महत्त्वाचे मानले जाते.

प्रारंभीचे जीवन आणि देलोस

ओमोल यांचे उच्च शिक्षण पॅरिसच्या एकोल नॉर्माल स्युपेरिअर या प्रसिद्ध संस्थेत झाले. पुढे अथेन्समधील फ्रेंच अध्ययनसंस्थेचे सदस्य म्हणून ते ग्रीसमध्ये गेले. १८४६ साली स्थापन झालेली ही संस्था आरंभी प्रामुख्याने भाषा व साहित्याच्या अभ्यासाकडे वळलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन विद्वानांनी ऑलिंपिया येथे पद्धतशीर उत्खनन सुरू केल्यानंतर फ्रेंच संस्थेलाही मोठ्या क्षेत्रकार्याची गरज भासू लागली.

१८७७ मध्ये ओमोल यांनी देलोस बेटावर अपोलोच्या पवित्र क्षेत्राचे उत्खनन हाती घेतले. या कामात मंदिरांचे अवशेष, मूर्ती आणि मोठ्या संख्येने शिलालेख सापडले. १८७८ मध्ये मिळालेली, नॅक्सोस येथील निकांद्रे नावाच्या स्त्रीने अर्पण केलेली संगमरवरी स्त्रीमूर्ती ही ग्रीक शिल्पकलेतील सर्वांत प्राचीन मोठ्या मूर्तींपैकी एक समजली जाते. ती आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. देलोसच्या मंदिर-व्यवस्थापकांनी दगडावर कोरून ठेवलेल्या जमाखर्चांचा व वस्तूंच्या याद्यांचा अभ्यास हा ओमोल यांच्या प्रबंधाचा विषय होता. मंदिराची मालमत्ता, व्याजाने दिलेला पैसा, दुरुस्तीचा खर्च आणि मजुरी यांची माहिती देणाऱ्या या लेखांमुळे प्राचीन ग्रीक अर्थव्यवहाराच्या अभ्यासाला भक्कम आधार मिळाला. फ्रान्समध्ये परतल्यावर त्यांनी नान्सी येथे आणि नंतर पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये अध्यापन केले.

डेल्फी : स्थळ आणि त्याचा धोका

डेल्फी हे पार्नासस पर्वताच्या दक्षिण उतारावर वसलेले अपोलोचे देवस्थान होय. येथील भविष्यवाणीचा कौल घेण्यासाठी ग्रीक जगातील नगरराज्ये व राजे आपले दूत पाठवीत असत. पवित्र क्षेत्राच्या माथ्यावर फेड्रियाडीज या नावाने ओळखले जाणारे चुनखडकाचे दोन प्रचंड उभे कडे आहेत. त्यांच्यामधील घळीतून कस्तालिया हा पवित्र झरा वाहतो. कड्यांच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा व मातीचा तीव्र उतार असून त्यावरच मंदिर, खजिनागृहे, नाट्यगृह आणि क्रीडांगण पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेले आहे. खाली प्लेइस्तोस नदीचे खोरे आहे.

चुनखडकातील सांधे व भेगा, त्यांत मुरणारे हिवाळी पावसाचे पाणी आणि या प्रदेशात वारंवार होणारे भूकंप यांमुळे कड्यांवरून शिळा सुटून खाली येतात. प्राचीन लेखकांनीही या घटनांची नोंद घेतली आहे. इ. स. पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याची एक तुकडी डेल्फीवर चालून आली, तेव्हा पार्नाससवरून दोन सुळके कोसळून शत्रूची दाणादाण उडाली, असे हिरोडोटस सांगतो. त्या शिळा आपल्या काळीही अथेना प्रोनाइयाच्या आवारात पडलेल्या होत्या, असेही त्याने नमूद केले आहे. इ. स. पू. २७९ मधील गॉल लोकांच्या स्वारीच्या वेळी अशीच दरड कोसळल्याची हकीकत पॉसेनियसने दिली आहे. भाविकांनी या घटनांत देवाचा हात पाहिला. भूवैज्ञानिक दृष्टीने पाहता त्या या उताराच्या स्वभावाशी सुसंगत आहेत. पवित्र क्षेत्रातील ‘सिबिलचा खडक’ हीसुद्धा मुळात कड्यावरून सुटून आलेली शिळाच आहे.

सर्वांत मोठा आघात इ. स. पू. ३७३ मध्ये झाला. भूकंप व त्याबरोबर आलेल्या दरडीने अपोलोचे मंदिर उद्ध्वस्त झाले. त्याची पुनर्बांधणी पूर्ण होण्यास सुमारे चार दशके लागली आणि तिच्यासाठी सर्व ग्रीक जगातून वर्गणी गोळा करण्यात आली.

कास्त्री गाव आणि उत्खननाचा करार

मध्ययुगानंतर प्राचीन अवशेषांवर कास्त्री नावाचे गाव वसले होते. मंदिराच्या आधारभिंतीचे दगड घरांच्या भिंतींत आणि अंगणांत दिसत असत. त्यामुळे पाहणी करणाऱ्या विद्वानांना घरांच्या मधल्या मोकळ्या जागांतच थोडेफार खोदकाम करता येई. ओमोल यांच्यापूर्वी पोल फूकार, कार्ल वेशेर आणि बेर्नार ओसूलिए या फ्रेंच संशोधकांनी असे मर्यादित काम केले होते.

ऑगस्ट १८७० मधील भूकंपाने फोकिस प्रदेश हादरला आणि कास्त्रीचे मोठे नुकसान झाले. गाव सुरक्षित जागी हलवावे ही कल्पना त्यानंतर पुढे आली. पण तिच्यासाठी लागणारा पैसा उपलब्ध नव्हता. गावकऱ्यांची सुरक्षितता आणि पुरातत्त्वज्ञांची गरज हे दोन प्रश्न अशा रीतीने एकमेकांत गुंतले.

उत्खननाच्या हक्कासाठी फ्रान्स व ग्रीस यांच्यातील वाटाघाटी सुमारे दहा वर्षे चालल्या. ग्रीसमधून होणाऱ्या बेदाण्यांच्या निर्यातीवरील फ्रेंच जकातीचा प्रश्नही त्यांत ओढला गेला. अमेरिकन पुरातत्त्व संस्थेनेही या स्थळात रस दाखविल्याने स्पर्धा वाढली. अखेर १८९१ मध्ये करार पक्का झाला आणि फ्रेंच संसदेने ५ लाख फ्रँकची रक्कम मंजूर केली. उत्खननाचा व प्रकाशनाचा हक्क फ्रेंच संस्थेला मिळाला. सापडलेल्या सर्व वस्तू ग्रीसमध्येच राहतील असे ठरले. फूकार यांच्यानंतर संस्थेची सूत्रे हाती घेतलेल्या ओमोल यांच्याकडे या कामाचे नेतृत्व आले.

गाव हलविणे हे कामातील पहिले आणि सर्वांत अवघड पाऊल होते. घरांचे मूल्यांकन करून मालकांना भरपाई द्यायची आणि पश्चिमेला सुमारे १ किलोमीटर अंतरावर नवे गाव वसवायचे, अशी योजना होती. १८९२ च्या शरद ऋतूत काम सुरू झाले, त्या वेळी अनेकांना भरपाईची रक्कम हातात मिळालेली नव्हती. गावकऱ्यांनी काम अडविले आणि आरंभीचे दिवस सैनिकांच्या पहाऱ्यात काढावे लागले. रक्कम मिळू लागल्यानंतर विरोध ओसरला, आणि ज्यांची घरे पाडली गेली त्यांच्यापैकी अनेकजण उत्खननावर मजूर म्हणून काम करू लागले. आजचे डेल्फी हे शहर म्हणजे त्या वेळी वसविलेले नवे गाव होय.

मोठे उत्खनन

१८९२ ते १९०३ या काळातील काम फ्रेंच पुरातत्त्वात ‘मोठे उत्खनन’ या नावाने ओळखले जाते. तीव्र उतारावरील प्रचंड माती व दगड हलविण्यासाठी हलके रूळ टाकून त्यांवरून ढकलगाड्या चालविण्यात आल्या आणि राडारोडा क्षेत्राच्या बाहेर दरीच्या बाजूला टाकण्यात आला. कामाची अभियांत्रिकी बाजू आंरी कोन्वेर यांनी, तर वास्तुरचनांच्या आलेखनाचे काम आल्बेर तूर्नेर यांनी सांभाळले.

१८९३ मध्ये अथेन्सवासीयांचे खजिनागृह सापडले. त्याच्या भिंतीवर स्वरलिपीसह कोरलेली अपोलोची स्तोत्रे मिळाली. प्राचीन ग्रीक संगीताचा हा अत्यंत दुर्मिळ पुरावा आहे. तेओदोर रेनाक यांनी त्यांचे वाचन केले आणि गाब्रिएल फोरे या संगीतकाराने साथीची रचना केली. १८९३ व १८९४ मध्ये आर्गोसच्या शिल्पकाराने घडविलेल्या दोन भव्य तरुणमूर्ती हाती आल्या; त्या परंपरेने क्लेओबिस व बिटोन या भावांच्या मानल्या जातात. सिफ्नोसवासीयांच्या खजिनागृहावरील शिल्पपट्टही याच काळात उजेडात आला.

अपोलोच्या मंदिराने मात्र उत्खननकर्त्यांची निराशा केली. प्राचीन साहित्यात वर्णिलेल्या वैभवाच्या मानाने तेथे पाया, विस्कटलेले दगड आणि थोडेच शिल्पावशेष उरले होते. भविष्य सांगणारी पायथिया जेथे बसे, त्या गर्भगृहाची रचना स्पष्ट करणारे पुरावेही मिळाले नाहीत. ओमोल यांनी हा प्रश्न शिलालेखांच्या आधारे सोडविण्याचा प्रयत्न केला. मंदिर बांधणाऱ्या मंडळाचे हिशेब दगडावर कोरलेले होते. त्यांत वर्गण्या, ठेके, दगडांची वाहतूक आणि वास्तुविशारदांचे वेतन यांच्या नोंदी होत्या. या नोंदींवरून दिसून आले की, समोर असलेले अवशेष इ. स. पू. सहाव्या शतकातील मंदिराचे नसून ३७३ च्या आपत्तीनंतर उभारलेल्या मंदिराचे आहेत. मंदिराचा इतिहास व त्याचा विध्वंस यांविषयीचे आपले विवेचन त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. उताराच्या हालचालीचा इतिहास आणि वास्तूचा इतिहास एकत्र वाचण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

सारथ्याची मूर्ती

१८९६ च्या वसंत ऋतूत मंदिराच्या वरच्या बाजूस, नाट्यगृहाकडे जाणाऱ्या वाटेजवळ कांस्याच्या एका पूर्णाकृती मूर्तीचे भाग सापडले. प्रथम खालचा भाग व काही दिवसांनी वरचा भाग मिळाला. रथाच्या शर्यतीतील विजयाप्रीत्यर्थ अर्पण केलेल्या शिल्पसमूहातील हा सारथी होता. सुमारे १.८० मीटर उंचीची ही मूर्ती गेला येथील सत्ताधीश पॉलिझालोस याच्या नावाशी जोडलेली असून ती इ. स. पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. ओमोल यांनी १८९७ मध्ये तिच्यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला.

ही मूर्ती टिकली कशी, हे लक्षणीय आहे. प्राचीन ग्रीसमधील बहुतेक कांस्यमूर्ती धातूसाठी वितळविल्या गेल्या. डेल्फीतील असंख्य मूर्तीही रोमन काळात व नंतर नेल्या गेल्या. सारथ्याचा शिल्पसमूह मात्र इ. स. पू. ३७३ च्या आपत्तीत मोडला आणि त्याचे तुकडे ढिगाऱ्यासह आधारभिंतीमागील भरावात गाडले गेले, असे सामान्यतः मानले जाते. ज्या आपत्तीने मंदिर नष्ट केले, तिनेच ही मूर्ती लुटारूंच्या नजरेआड ठेवली.

१९०३ ची संग्रहालयस्थापना आणि १९०५ ची दरड

१९०३ मध्ये डेल्फी येथे संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच्या इमारतीसाठी आंद्रेआस सिंग्रोस या ग्रीक धनिकाच्या देणगीचा उपयोग झाला होता. त्याच सुमारास अथेन्स नगरपालिकेच्या खर्चाने अथेन्सवासीयांचे खजिनागृह मूळ दगडांतून पुन्हा उभारण्याचे काम सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते पूर्ण झाले. उत्खननाचे अधिकृत वृत्तांत प्रकाशित करणारी ग्रंथमालाही ओमोल यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि ती पुढील शतकातही चालू राहिली.

कस्तालिया झऱ्याच्या पलीकडे, मार्मारिया या भागात, अथेना प्रोनाइयाचे देवस्थान आहे. तेथील इ. स. पू. सुमारे ५०० मधील मंदिराचे उत्खनन झाले, तेव्हा त्याचे १५ स्तंभ उभे आढळले होते. १९०५ मध्ये कड्यावरून सुटलेल्या प्रचंड शिळा या मंदिरावर कोसळल्या आणि त्यांपैकी बहुतेक स्तंभ जमीनदोस्त झाले. केवळ तीन स्तंभ शाबूत राहिले. शतकानुशतके मातीखाली टिकलेले स्तंभ उघडे पडल्यानंतर थोड्याच वर्षांत नष्ट झाले. ओमोल त्या वेळी पॅरिसला परतले होते.

हीच जागा प्राचीन काळीही असुरक्षित ठरली होती. इ. स. पू. चौथ्या शतकात या मंदिराच्या पश्चिमेस चुनखडकाचे नवे मंदिर बांधण्यात आले. ३७३ च्या आपत्तीत जुन्या वास्तूला धोका पोहोचल्यामुळे जागा बदलली गेली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असल्यास दरडीच्या मार्गातून वास्तू बाजूला घेण्याचा उपाय प्राचीन ग्रीकांनी जाणीवपूर्वक स्वीकारला होता.

लूव्र आणि राष्ट्रीय ग्रंथालय

१९०४ मध्ये ओमोल यांची लूव्र व फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या संचालकपदी नेमणूक झाली. २१ ऑगस्ट १९११ रोजी लिओनार्दो दा विंचीचे ‘मोना लिसा’ हे चित्र संग्रहालयातून चोरीस गेले. चोरी दुसऱ्या दिवशी लक्षात आली. ओमोल त्या वेळी रजेवर होते. तरीही सुरक्षाव्यवस्थेतील ढिलाईची जबाबदारी त्यांच्यावर येऊन त्यांना पद सोडावे लागले. चित्र डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्स येथे सापडले आणि विन्चेन्झो पेरुजा या इटालियन कामगाराला अटक झाली.

यानंतर ओमोल काही काळ पुन्हा अथेन्सच्या संस्थेच्या संचालकपदी होते. १९१३ मध्ये ते राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रशासक झाले आणि पहिल्या महायुद्धाचा कठीण काळ त्यांनी याच पदावर काढला. १९२३ मध्ये ते निवृत्त झाले. १८९२ पासून ते शिलालेख व साहित्य अकादमीचे सदस्य होते. १३ जून १९२५ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन आणि वारसा

ओमोल यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना दोन बाजू मांडल्या जातात. शिलालेखांचे वाचन, वास्तू व लेख यांची सांगड आणि एवढे मोठे काम वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचे संघटनकौशल्य ही त्यांची बलस्थाने होती. सापडलेल्या वस्तू स्थळाजवळच ठेवण्याच्या व्यवस्थेमुळे डेल्फीचा संग्रह एकसंध राहिला. दुसरीकडे, मातीच्या थरांची काटेकोर नोंद ठेवण्याची पद्धत त्या काळी रूढ नव्हती. प्राचीन काळानंतरच्या वस्तीचे अवशेष व खुद्द कास्त्री गाव यांच्या फारशा नोंदी न होता ते हटविले गेले. प्राचीन दरडींचा ढिगाराही याच रीतीने उपसला गेला. तो पुढच्या काळातील भूवैज्ञानिकांना उपयुक्त ठरला असता.

उत्खननामुळे उताराची स्थितीही बदलते, ही गोष्ट आज अधिक स्पष्टपणे जाणली जाते. मातीचा जाड थर कोसळणाऱ्या शिळेचा वेग शोषून घेतो. उघडा खडक किंवा फरसबंदी मात्र तिला उसळी देते. गाडलेली वास्तू दरडीपासून बऱ्याच अंशी सुरक्षित असते. उघडी पडलेली वास्तू आणि तिच्याभोवती वावरणारे प्रेक्षक दोघेही धोक्याच्या कक्षेत येतात.

अशा स्थळी धोक्याचे मूल्यांकन करताना अभ्यासक प्रथम कड्यावरील सांधे व भेगा यांची दिशा, कल आणि परस्परांतील अंतर मोजतात. त्यावरून सुटू शकणाऱ्या शिळांचा आकार ठरतो. त्यानंतर उताराचा आकार व पृष्ठभागाचा प्रकार लक्षात घेऊन शिळा कोणत्या मार्गाने येईल, किती उंच उसळेल, कोणत्या ऊर्जेने आदळेल आणि कोठे थांबेल, याचे गणित मांडले जाते. पूर्वी पडलेल्या शिळांची स्थाने हा या गणिताची पडताळणी करण्याचा महत्त्वाचा पुरावा असतो. डेल्फीच्या बाबतीत हिरोडोटस व पॉसेनियस यांचे वृत्तान्त, ओमोल यांनी वाचलेले बांधकामाचे हिशेब आणि १९०५ ची घटना यांतून सुमारे अडीच हजार वर्षांचा कालपट उपलब्ध होतो. इतका दीर्घ लिखित पुरावा फार थोड्या उतारांना लाभला आहे.

उपाय योजतानाही स्मारकाच्या मर्यादा पाळाव्या लागतात. सैल शिळा काढणे, त्या पोलादी सळ्यांनी कड्याशी जखडणे, तारेच्या जाळ्या लावणे आणि उतारावर अडथळे उभारणे हे नेहमीचे मार्ग होत. परंतु सैल शिळा खाली पाडताना त्या स्मारकावर जाऊ शकतात, छिद्रे पाडताना कंपने निर्माण होतात आणि मोठे अडथळे परिसराचे मूळ रूप बिघडवितात. डेल्फीत कडे हे केवळ धोक्याचे उगमस्थान नसून या पवित्र क्षेत्राच्या अर्थाचाच भाग आहेत. कस्तालियाच्या घळीत पर्यटकांच्या वावरावर दरडीच्या भीतीमुळे निर्बंध घालावे लागले आहेत.

१९८७ मध्ये डेल्फीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. सारथ्याची मूर्ती तेथील संग्रहालयात असून मार्मारिया भागात १९०५ च्या दरडीतून उरलेले स्तंभांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.